ओला चमचा

विजयमालाबाईंच्या लोणच्याला नेरूळच्या त्या सोसायटीत जेवढा मान होता, तेवढा सेक्रेटरीलाही नव्हता. तापातून उठलेला कोणी असो की कोणाची माहेरी आलेली गरोदर लेक, तोंडाला चव नाही म्हटलं की वाटी घेऊन घरचं माणूस बाईंच्या दारात उभं राहायचं. बाई वाटी भरून द्यायच्या, पण त्याआधी ती पदराने पुसून, उजेडात धरून, कुठे थेंब राहिलाय का ते बघायच्या. त्यांचे यजमान बाबासो म्हणायचे, आमची ही कोरेगावहून येताना दोन गोष्टी घेऊन आली, एक चिनी मातीची बरणी आणि दुसरा पाण्याशी दावा.

"पाणी लागलं की लोणचं मेलं," हे वाक्य त्या घरात आरतीइतकं पाठ होतं. सून नमिता नवी नवी आली तेव्हा तिने एकदा ओला चमचा बुडवला, तर बाईंनी ती अख्खी बरणी तिच्यासमोर रिकामी करून, घासून उन्हात पालथी घातली होती. एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं नमिता अजून म्हणते. नात मनस्वीला तर अक्षरओळख व्हायच्या आधी चमचा पुसायला यायला लागला, आणि हे बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायच्या.

तर अशा या बाईंच्या फ्रिजमध्ये, मे महिन्यातल्या एका दुपारी, त्यांच्या विहीणबाईंनी गुलाबी पाण्याची बरणी आणून ठेवली.

विहीणबाई म्हणजे नमिताची आई, शेवंताबाई. दिवाळे गावच्या. सकाळी खाडीवरून आलेला म्हावरा बेलापूरच्या बाजारात विकायचा आणि उन्हं डोक्यावर यायच्या आत घरी जायचं, असा त्यांचा नेम. कुलदीपने प्रेमात पडून लग्न केलं तेव्हा विजयमालाबाईंनी विरोध केला नव्हता, पण आनंदही केला नव्हता. "माणसं चांगली हायत," एवढंच त्या म्हणायच्या, आणि ते अशा आवाजात की ऐकणाऱ्याने पुढचं "पण" स्वतःच समजून घ्यावं. दोघी विहिणी एकमेकींना अगदी जपून होत्या. सणाला साडी, आजारपणात फोन, दारातून निघताना "येत जा की". प्रेम नव्हतं, पण भांडणही नव्हतं.

बरणीत होत्या काकडीच्या लांब लांब फोडी. पाण्यात साखर, मीठ, व्हिनेगर घालून उकळायचं, गार झालं की त्यात स्ट्रॉबेरीच्या सरबताची पूड ढवळायची, फोडी बुडवायच्या आणि दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून द्यायचं. शेवंताबाईंनी हे मोबाइलवर बघितलं होतं. पोरांना खेळता खेळता खायला बरं म्हणून त्यांनी आईस्क्रीमच्या काड्याही आणल्या होत्या. एक फोड काडीला टोचून त्यांनी मनस्वीच्या हातात दिली.

आता ही मनस्वी खाण्याच्या बाबतीत म्हणजे घराला लागलेला घोर होती. तिला दोन घास भरवायचे तर बाईंना चिमणीपासून हत्तीपर्यंत सगळं जंगल बोलवावं लागायचं. त्या मुलीने गुलाबी फोडीचा कडकन तुकडा मोडला. डोळे मोठे केले. दुसरी मागितली. मग, बाईंच्या डोळ्यांदेखत, त्या फोडीबरोबर अख्खी पोळी खाल्ली, कोणी न सांगता, हत्ती-घोड्यांशिवाय.

"दिवाळ्याची आजी भारी आहे," ती म्हणाली.

विजयमालाबाई हसल्या. असं हसू फोटो काढताना येतं. मनात मात्र त्यांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की त्यांना उठून पाणी प्यावं लागलं. सहा वर्षं मी पोरीमागे ताट घेऊन फिरले, आणि विहीण एका काकडीत भारी झाली?

एरवी त्यांनी हे गिळलंही असतं. पण दिवस नेमके वाईट होते. कुलदीप आणि नमिताने खारघरला फ्लॅट घेतला होता आणि पुढच्या महिन्यात तिकडे राहायला जायचं होतं. नमिताचं ऑफिस बेलापूरला, मनस्वीची शाळाही बेलापूरला. शाळा सुटल्यापासून आई ऑफिसातून येईपर्यंत पोरीने कुठे राहायचं, नेरूळच्या आजीकडे की दिवाळ्याच्या, हे अजून ठरायचं होतं. शाळेची गाडी दोन्हीकडे सोडायला तयार होती. कुलदीप म्हणाला, कशाला टेन्शन घ्यायचं, तिलाच विचारू, ती म्हणेल तिथे. शाळा सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी दोन्ही घरांनी एकत्र जेवायचं आणि ठरवून टाकायचं, असं झालं होतं. नातीशिवाय त्या घरातली दुपार कशी असेल, याचा विचार बाईंनी एकदाच केला होता आणि पुन्हा करायचा नाही असं ठरवलं होतं.

आणि आता ही काकडी.

पुढच्या आठवड्यात अननसाची पिवळी बरणी आली. मग जांभळाची. जांभळी फोड खाल्ली की जीभ जांभळी व्हायची, आणि मनस्वी ती जीभ सगळ्या सोसायटीला दाखवून आली. मग काय विचारता, खालची पोरं बेल वाजवून विचारायला लागली, मनस्वीची आजी, ते रंगाचं लोणचं आहे का. आपल्याच दारात उभं राहून पोरं विहिणीचं लोणचं मागतात, आणि आपण ते काडीला टोचून द्यायचं. यापेक्षा कोणी चार लोकांत अपमान केला असता तर परवडला असता.

"ह्याला लोणचं म्हणायचं?" त्या बाबासोंना म्हणाल्या. "मोहरी न्हाई, मेथी न्हाई, तेलाचा टिपूस न्हाई. सरबतात पडलेली काकडी ती."

बाबासोंनी मान डोलवली, पण बोलले नाहीत. बोलणार कसे, तोंडात फोड होती. उभा जन्म वाशीच्या मार्केटात कांदे-बटाट्याचा व्यापार केलेला तो माणूस, पांढऱ्या मिशीला गुलाबी पाणी लागलेलं, आणि वर म्हणतो, बरं लागतंय की. त्या दिवशी बाबासोंना आमटीत मीठ कमी पडलं, आणि त्यांनी ते मागितलंही नाही.

मत्सर हा मोठा कामसू असतो, माणसाला स्वस्थ बसू देत नाही. एका दुपारी बाबासो बाहेर गेले होते, मनस्वी हॉलमध्ये पंख्याखाली हातपाय पसरून झोपली होती, आणि बाई ओट्यापाशी भांडी विसळत होत्या. फ्रिज उघडला तर समोर जांभळी बरणी. हातात चमचा होता, त्यावरून पाणी निथळत होतं. बाईंनी आधी सवयीने तो पदराकडे नेला. मग थांबल्या. मग बरणीचं झाकण काढलं आणि चमचा तसाच, ओलाचिंब, आत बुडवला. नुसता बुडवला नाही, तळापर्यंत नेऊन ढवळला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी हे पाप केलं. चार दिवसांत बुरशी येईल, त्यांनी हिशेब केला. पांढरी लव दिसली की आपण काही बोलायचंही नाही, नुसती बरणी पुढे करायची. मग कळेल सगळ्यांना, लोणचं घालणं म्हणजे खेळ नव्हे.

चार दिवस गेले. बरणी हसत होती. त्यांनी पुन्हा चमचा घातला, या वेळी नळाखाली धरून. मग रोजच दुपारी घालायला लागल्या. एकदा तर चमचाभर पाणीच ओतलं. फोडी कडकच्या कडक. मनस्वी म्हणाली, आता तर आणखी मस्त लागतंय. बाईंना वाटलं, देवसुद्धा आपल्याकडे पाठ आणि दिवाळ्याकडे तोंड करून बसलाय.

इकडे त्यांचं स्वतःचं काम चालूच होतं. बाबासोंनी मार्केटातून कैऱ्या आणल्या होत्या, घट्ट, पांढऱ्याशुभ्र, कोय धरलेल्या. बाईंनी त्या पुसल्या, फोडल्या, मीठ-हळद लावून सुकवल्या. मसाला घरी कुटला. तेल कडकडीत तापवून पूर्ण गार केलं आणि फोडींवर चार बोटं तरंगेल असं ओतलं. पहिले काही दिवस कोरड्या उलथण्याने खालीवर करून झालं, मग बरणीच्या तोंडाला फडकं, फडक्याला दोरी, आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाटावर स्थापना. आता रविवारपर्यंत हात लावायचा नाही. त्या रविवारच्या जेवणातच बरणी उघडायची हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. वास दरवळला की विहिणीलाही कळेल आणि पोरीलाही, की आजी कोणाला म्हणतात.

मनस्वी आजकाल सारखी स्वयंपाकघरात घुटमळायची, आजीच्या मागे मागे. बाईंना बरं वाटायचं. ओढा आहे अजून पोरीला, त्या म्हणायच्या.

रविवारी शेवंताबाई आल्या. सोबत पापलेटं आणि अर्थातच एक बरणी, या वेळी संत्र्याची. बाबासो, कुलदीप, नमिता, सगळे पानांवर बसले. भात वाढून झाला आणि विजयमालाबाईंनी कोपऱ्यातली मोठी बरणी दोन्ही हातांनी उचलून मधोमध आणून ठेवली. दोरी सोडायला गेल्या आणि जरा थबकल्या. त्या नेहमी निरगाठ मारायच्या. इथे दोन कान काढलेली फुलपाखरासारखी गाठ होती, बुटाच्या नाडीला मारतात तशी. मनस्वीला तिच्या बाबाने ती याच सुट्टीत शिकवली होती.

त्यांनी फडकं काढलं.

आधी वास आला, आंबूस, कुजट. मग दिसलं. तेलावर पांढरी, जाड, लोकरीसारखी बुरशी पसरली होती, आणि कडेने हिरवट झाक धरली होती.

बाईंना आधी खरंच वाटेना. मग कानशिलं तापली, आणि समोर विहीण बसलीय हे आठवून आणखी तापली.

"ओला चमचा कुणी घातला ह्यात?"

"मी," मनस्वी म्हणाली. अगदी आनंदाने म्हणाली. "रोज घातला. दुपारी."

मग तिने आजीचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू गेलं. ती पानावरून उठली आणि शेवंताबाईंच्या मागे जाऊन उभी राहिली. कुलदीपचा आवाज चढला. इतकं सांगून ठेवलंय तरी असं कसं केलंस, हे तुला शिकवलं कोणी, त्याने विचारलं. पोरीने फक्त आजीकडे पाहिलं. दिवाळ्याच्या नव्हे, नेरूळच्या.

त्या नजरेबरोबर विजयमालाबाईंना सगळं कळलं. हॉलमध्ये पंख्याखाली झोपलेली पोरगी झोपलेली नव्हती. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तोही स्वतःच्या बरणीत.

शेवंताबाईंनी एकदा नातीकडे पाहिलं, एकदा बरणीकडे. "तिला नका बोलू, जावयबापू," त्या म्हणाल्या. "मीच सांगितला व्हता तिला. वला चमचा चालतं म्हनून. माजीच चूक हाय."

झालं. पारडं एका क्षणात फिरलं. कुलदीपच्या कपाळावर आठी उमटली. नमिता मान खाली घालून भात कालवत राहिली, आईने असं कसं सांगितलं म्हणून तिला लाज वाटत असावी. बाबासोंनी घसा खाकरला आणि म्हणाले, पोरगी हितंच बरी, शिस्तीत राहील. कुलदीपनेही मान हलवली.

म्हणजे जिंकलंच होतं. विजयमालाबाईंनी नुसतं गप्प बसायचं होतं. मनस्वी दुपारी इथेच येणार होती, इथेच पंख्याखाली झोपणार होती, आणि विहीण रिकाम्या हातांनी दिवाळ्याला परत जाणार होती. गेल्या महिन्याभरात त्यांनी देवाकडे दुसरं काही मागितलं नव्हतं.

पण समोर शेवंताबाई बसल्या होत्या, न केलेल्या चुकीचा दोष पदरात घेऊन, शांतपणे, पोरीच्या पाठीवरून हात फिरवत. आणि ते पाहून बाईंना असं काही झोंबलं की गुलाबी काकडीने जे झालं होतं ते त्यापुढे काहीच नव्हतं. काकडीत पुढे गेली, ठीक आहे. आता मोठेपणातही हीच पुढे? आणि तो मोठेपणा आयुष्यभर आपण गिळून बसायचा? जिंकायचं तेही हिच्या दानाने? पुढे खरं बोलल्याबद्दल त्यांचं कौतुक झालं, पण मी सांगते, तो चांगुलपणा नव्हता, तो मत्सरच होता. फक्त या वेळी तो कामाला आला.

"त्यांनी न्हाई," बाई म्हणाल्या. "मी. विहीणबाईंच्या बरणीत मीच रोज ओला चमचा घालत होते. नासावं म्हणून. पोरीनं ते बघितलं."

बाबासोंचा घास हातातच राहिला.

"नासावं म्हणून?" मनस्वी शेवंताबाईंच्या खांद्याआडून म्हणाली. "मला वाटलं तू त्याला पाणी पाजतेस. ते छान लागायचं ना, म्हणून मी तुझ्या लोणच्याला पण पाजलं."

पोरीने आजीच्या लोणच्यावर माया केली होती आणि माया करायची रीत आजीकडूनच उचलली होती. बाईंना रडू आलं, ते त्यांनी लपवलंही नाही.

शेवंताबाई रागावतील असं सगळ्यांना वाटलं. रागावल्याही असतील. त्यांनी आपले दोन्ही हात पुढे धरले. कातडी पांढरी पडलेले, बोटांच्या पेरांवर सुरकुतलेले हात होते ते.

"त्याला काय व्हनार नव्हता, विहिनबाय," त्या म्हणाल्या. "तो पान्यातलाच लोनचा. आमचे हात कवाच सुके नसतात, म्हावरा नी बरफ, बरफ नी म्हावरा. तेलातला लोनचा माज्या हातानं दरसाल कुजतं. तुमचा मी नमिताकडून मागून नेतंय, नी मालकांना वाढाया लावतंय, माजा हात लागाया नको म्हनून." मग त्यांनी बरणी कलती करून पाहिली. "वरचा काढून टाका. खाली चांगला असंल तं मना द्या जरा."

विजयमालाबाईंना हे ठाऊकच नव्हतं. वर्षानुवर्षं आपलं लोणचं त्या घरात जपून, कोरड्या हाताने वाढलं जातं हे कोणी सांगितलं असतं, तर या महिन्यातली एकही दुपार तशी गेली नसती. निदान आता तरी त्यांना तसं वाटलं. पण खालचंही वाचलं नव्हतं. पोरीने मन लावून पाजलं होतं, पार तळापर्यंत.

शेवटी कुलदीपने मनस्वीला जवळ घेतलं आणि ठरल्याप्रमाणे विचारलं. शाळेतून कुठे जायचं, इथे की दिवाळ्याला. कोणी रागावणार नाही, खरं सांग.

मनस्वीने बराच विचार केला. "दिवाळ्याला," ती म्हणाली. "तिथे चमचा पुसावा लागत नाही."

विजयमालाबाईंनी मान हलवली. पोरीच्या ताटात वाढलेला भात तसाच होता, त्यावर त्यांनी तूप घातलं आणि ताट तिच्याकडे सरकवलं.

जूनमध्ये घर रिकामं झालं. दुपारी पंखा फिरायचा आणि खाली कोणी नसायचं. बाई दुपारचा चहा लवकर करायला लागल्या, म्हणजे दुपार लवकर संपेल. मनस्वी शनिवारी यायची. पहिला शनिवार जवळ आला तेव्हा बाईंनी खूप मागेपुढे करून शेवंताबाईंना फोन लावला, आणि आधी पाऊस, मग गुडघे, असं फिरून फिरून शेवटी ते गुलाबी लोणचं कसं करायचं ते विचारलं. शेवंताबाईंनी काकडी किती, व्हिनेगर किती, साखर किती, सगळं सांगितलं.

फोन ठेवल्यावर बाई विचारात पडल्या. साखर हिने कमीच सांगितली असणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. आपलं लोणचं दुसरीच्या हाताला तस्संच यावं असं कोणत्या बाईला वाटतं? त्यांना स्वतःला कोणी विचारलं असतं तर त्यांनीही मेथी जरा कमीच सांगितली असती. म्हणून त्यांनी सांगितल्यापेक्षा मूठभर साखर जास्त घातली आणि आपल्या हुशारीवर खूश झाल्या.

शनिवारी मनस्वीने काडीला टोचलेली फोड खाल्ली. तोंड वाकडं केलं.

"आजी, फार गोड झालंय."

बाईंना कळायचं ते कळलं. विहिणीने माप अगदी बरोबर सांगितलं होतं. आतलं ते जुनं, ओळखीचं काहीतरी पुन्हा एकदा सणसणून उठलं, आणि बसायला जागा नाही असं दिसल्यावर हळूहळू विरलं.

"मग आता काय करायचं गं?" त्यांनी विचारलं.

"पाणी घाल थोडं," मनस्वी म्हणाली. "त्याला चालतं."

विजयमालाबाईंनी नळाखाली पेला भरला. बरणीवर तो कलता करताना हात आखडला, जन्माची सवय ती. मनस्वी बरणीला नाक लावून बघत होती. बाईंनी पाणी ओतलं.